खुराड्यासाठी कमी धुळीची गादी कोणती निवडावी?

प्रश्न

नमस्कार. माझ्याकडे परसात सात कोंबड्या आहेत. त्यांचे खुराडे सुमारे अडीच मीटर लांब आणि दीड मीटर रुंद असून जमीन सिमेंटची आहे, आणि तिच्यावर मी गेली दोन वर्षे लाकडाच्या भुशाची गादी घालत आले आहे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र सकाळी दार उघडले, की उन्हाच्या तिरिपेत धूळ तरंगताना दिसते. छताच्या वाशांना लोंबणारी जळमटे करड्या सुतळीसारखी जाड झाली आहेत आणि पाण्याच्या भांड्यावर रात्रभरात पिठाळ साय धरते. सात जणींपैकी दोघी संध्याकाळी दांडीवर चढल्या, की थोडा वेळ शिंकत राहतात. एरवी त्या नीट खातात आणि अंडीही देतात.

अस्वच्छता हे याचे कारण असेल असे मला वाटत नाही, कारण मी रोज सकाळी खराट्याने आतली जमीन झाडते, जरा कुठे ओल दिसली की तिथला भुसा उचलून कोरडा टाकते आणि दर दहा दिवसांनी सगळी गादी बदलते. झाडताना मलाच खोकला येतो, म्हणून आता गादीचा प्रकार बदलायचे ठरवले आहे. रंध्याचे पापुद्रे, भाताचे तूस, गव्हाच्या काडाची कुट्टी, हेम्पच्या (धाग्यासाठी लावतात त्या भांगेच्या जातीच्या झाडाच्या) खोडाचे तुकडे, भुसा दाबून केलेल्या लाकडी गोळ्या आणि वाळू इतके पर्याय मला मिळू शकतात. यांपैकी सर्वांत कमी धूळ कशाची होते, पिशवीवर छापलेल्या ‘धूळविरहित’ या शब्दावर कितपत विसंबावे, आणि शिंका केवळ धुळीने येऊ शकतात का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पहिले उत्तर

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येते. सिमेंटच्या जमिनीवर मी रंध्याचे जाड, चाळलेले पापुद्रे घालीन, आणि मिळत असतील तर हेम्पचे चाळलेले तुकडे त्यांच्या बरोबरीचे मानीन. परंतु आपली दिनचर्या वाचून मला अशी शंका येते, की आपल्याकडची बरीचशी धूळ खराट्याने उठत असावी, आणि गादी कोणतीही आणली तरी ती तशीच उठत राहील. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

खुराड्यातील धुळीत गादीच्या चुऱ्याबरोबर पिसांचा कोंडा, वाळून भुकटी झालेली विष्ठा, खाद्याचे पीठ, बुरशीचे बीजाणू आणि जिवाणूंचे अवशेष हे सगळे मिसळलेले असते. त्यामुळे गादीने स्वतः चुरा कमी करावा एवढ्यावर भागत नाही. वरून पडणारी ही सगळी भुकटी तिने आपल्यात धरूनही ठेवली पाहिजे. बारीक, कोरडाठाक भुसा ही दोन्ही कामे करत नाही. कोंबड्या दिवसभर उकरतात, त्यात जे जड असते ते खाली बसते, आणि जे हलके असते ते आपल्याला तिरिपेत दिसते.

भुकटी धरून ठेवण्याचे काम मुख्यतः ओलाव्याचे असते. व्यावसायिक कुक्कुटपालनात गादीतील ओलावा साधारण २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान राखण्याचा प्रयत्न असतो. तो त्याखाली गेला की धूळ होते आणि त्यावर गेला की गादीच्या ढेपा होऊन अमोनियाचा वास सुरू होतो. भट्टीत वाळवलेल्या लाकडात ओलावा जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास असतो. आपण ओल दिसताक्षणी कोरडा भुसा टाकता आणि दहा दिवसांनी सगळे बदलता, याचा अर्थ आपली गादी त्या मधल्या पट्ट्यात कधी पोचतच नसावी. मापण्यासाठी उपकरण लागत नाही. गादीतून एक मूठ उचलून घट्ट दाबावी आणि हात उघडावा: गोळा होऊन तसाच राहिला तर ओलावा जास्त आहे, क्षणभर धरून मग भेगा पडत सुटला तर योग्य आहे, आणि बोटांच्या फटींतून सरळ गळून गेला तर गादी कोरडी आहे. आपली बहुधा गळून जाईल.

आता पर्यायांविषयी. काड पोकळ असते, वरून गुळगुळीत असते आणि पाणी फारसे शोषत नाही. अखंड काड खाली ओले आणि वर कोरडे राहते, आतून बुरशी धरते, आणि तीच पुढे वाळून उडते. कुट्टी केलेले काड त्यापेक्षा बरे, पण कुट्टी करतानाच त्याची बरीच भुकटी होते, म्हणून ती चाळल्याशिवाय घालू नये. भाताचे तूस स्वच्छ असेल तर धूळ कमी करते, कारण त्याच्या कवचात सिलिका भरपूर असल्याने ते लवकर कुजत किंवा चुरत नाही. मात्र ते पाणी फारसे शोषत नाही, आणि गिरणीतून थेट आलेल्या तुसात कोंड्याचे पीठ मिसळलेले असते. हेम्पच्या खोडाचा गाभा भरपूर पाणी शोषतो आणि त्याचे तुकडे बराच काळ आपला आकार टिकवतात.

लाकडी गोळ्यांमुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पिशवी उघडून ओतताना त्यांतून क्वचितच धूळ उडते, आणि पिशवीवरचा शब्द त्या क्षणापुरता खराही असतो. पण गोळी म्हणजे दाबलेला बारीक भुसा. तिने पाणी प्यायले की ती फुगते, फुटते आणि पुन्हा भुसाच होते, आणि तो भुसा वाळला की आपण आज जिथे आहात तिथेच परत येता. त्यामुळे कोणतीही गादी घेताना ती आज कशी दिसते यापेक्षा तीन आठवडे नखांखाली तुडवली गेल्यावर तिचे काय होईल हे विचारावे.

निवड करण्याआधी घरी एक साधी चाचणी करावी. उघड्यावर, वारा पडलेला असताना, जमिनीवर काळे कापड अंथरावे आणि प्रत्येक प्रकारची एकेक बादली कमरेच्या उंचीवरून त्यावर ओतावी. ओतताना सूर्य समोर, म्हणजे बादलीच्या पलीकडे असावा, म्हणजे उडणारा ढग स्पष्ट दिसतो. नंतर गादी अलगद उचलून कापडावर काय उरले ते पाहावे. तीन आठवडे वापरलेल्या गादीचीही हीच चाचणी केली, तर दोन्ही निकालांतला फरक बरेच काही सांगून जातो.

खराटा मात्र आजच बाजूला ठेवावा. गादी झाडायची नसते, दाताळ्याने हलवायची असते, आणि तेही कोंबड्या बाहेर असताना. रात्रीची विष्ठा दांडीखालीच साठते, म्हणून तिथे एक फळी बसवून ती रोज खरवडून काढली, तर खालची संपूर्ण गादी वारंवार बदलण्याची गरजच राहत नाही. दहा सेंटिमीटर जाडीने सुरुवात करावी आणि बदलण्याऐवजी वरून थोडी थोडी भर घालत जावे.

दुसरे उत्तर

मी कोंबड्या पाळत नाही. मी सुतारकाम करतो आणि माझ्याकडून बरेच जण गादीसाठी भुसा नेतात, म्हणून त्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

ज्या कारखान्यात धूळ ओढणारे यंत्र असते, तिथे रंधा, करवत आणि सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करणारे यंत्र) या तिघांचे नळ बहुधा एकाच पिशवीत जातात. वरून पाहिले तर कुरळे पापुद्रे दिसतात, पण गोणी हलवली की करवतीचा भुसा आणि पॉलिश पेपरचे पीठ तळाशी उतरते, आणि शेवटच्या दोन बादल्यांत काय येते ते आपण अनुभवले असेलच. म्हणून फक्त रंध्याखालचा माल, तोही भरीव लाकूड रंधत असतानाचा, वेगळा भरून मागावा. प्लायवूड आणि एमडीएफचा (लाकडाचा लगदा गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचा) भुसा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण तो पिठाइतका बारीक असतो आणि त्यात गोंदाचे राळयुक्त कण असतात. वाळवी लागू नये म्हणून रसायन मुरवलेल्या लाकडाचा भुसाही घेऊ नये. जुन्या प्रकारच्या अशा लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक असते. सीडरसारख्या उग्र वासाच्या लाकडापासूनही दूर राहावे. पश्चिमी लाल सीडरच्या धुळीने सुतारांना दमा जडतो ही आमच्या व्यवसायातली जुनी माहिती आहे, आणि कोंबडी तर त्या धुळीत रात्रंदिवस राहणार.

आणखी एक. गोणी घेण्यापूर्वी तिच्यात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत कोमट लागले किंवा कुबट वास आला, तर ते ओल्या लाकडाचे पापुद्रे आहेत आणि बुरशी आधीच कामाला लागली आहे. अशी गोणी पुढे उन्हात वाळवूनही उपयोगाची नाही.

तिसरे उत्तर

वरील उत्तरांत वाळूचा विचारच झालेला नाही, याचे नवल वाटते. मी दोन वर्षांपासून धुतलेली भरड वाळू वापरतो. ती कुजत नाही आणि बुरशीला तिच्यात खायला काही मिळत नाही. रोज सकाळी जाळीच्या सुपलीने विष्ठा उचलली की खुराडे स्वच्छ होते. माझ्याकडे जळमटे पांढरी असतात, करडी नाहीत. अट एकच आहे, की वाळू भरड आणि धुतलेली असावी. बारीक वाळूतील सिलिकाची धूळ फुप्फुसांना भुशापेक्षाही वाईट असते. ज्यांना रोजची पंधरा मिनिटे देता येत नाहीत, त्यांनी मात्र वाळूच्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या उत्तराच्या लेखकाकडून

वाळूविषयीचा आपला अनुभव मी नाकारत नाही, पण आपल्या खुराड्याची जमीन बहुधा मातीची असावी. वाळू पाणी शोषत नाही, ते खाली जाऊ देते. मूळ प्रश्नात जमीन सिमेंटची आहे. तिथे ते पाणी तळाशी अडून राहील, आणि भांडे एकदा लवंडले तरी तो कोपरा आठवडाभर आंबेल. दुसरे असे, की कोरड्या दिवसांत कोंबडीच्या पायाखाली विष्ठेची जी भुकटी होते, ती जाळीतून खाली वाळूतच पडते आणि सुपलीला कधीच सापडत नाही.

चौथे उत्तर

मी पशुवैद्यक आहे. शिंकांच्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहीत आहे.

धुळीने कोंबडीला शिंका येऊ शकतात. नाक आणि श्वासनलिका यांतील चिकट स्राव आणि सूक्ष्म लव मोठे कण अडवून बाहेर ढकलतात. साधारण ५ मायक्रोमीटरपेक्षा बारीक कण मात्र पुढे निघून जातात. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल नसते. तिची फुप्फुसे फारशी प्रसरण पावत नाहीत, आणि त्यांना जोडलेल्या नऊ वायुपिशव्या भात्याप्रमाणे हवा खेळवतात. या पिशव्यांच्या भिंती अतिशय पातळ असून त्यांना रक्तपुरवठा तुटपुंजा असतो, त्यामुळे तिथे पोचलेला कण किंवा बीजाणू साफ करण्याची सोय फार कमी असते. बुरशी धरलेली गादी मी धुळीच्या गादीपेक्षा अधिक धोकादायक मानतो, ते यामुळे. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू दोन ते तीन मायक्रोमीटरचे, म्हणजे नेमके आतपर्यंत जाण्याजोगे असतात, आणि लहान पिल्ले त्यांना सर्वांत आधी बळी पडतात.

धुळीच्या जोडीला अमोनिया असेल, तर ती लव मंदावते आणि धूळ बाहेर टाकण्याची यंत्रणाच लंगडी पडते. हवेच्या दशलक्ष भागांत अमोनियाचे २५ भाग ही मर्यादा कुक्कुटपालनात सर्रास मानली जाते, पण त्याखालीही दीर्घकाळ राहिल्यास त्रास होतो. आपण उभ्याने वास घेतो आणि कोंबडी गुडघ्याखालच्या उंचीवर जगते, हे लक्षात घेऊन सकाळी दार उघडल्याबरोबर गादीजवळ उकिडवे बसून श्वास घ्यावा. डोळे चुरचुरले तर धुळीआधी ओलीकडे पाहावे लागेल. ओल मारण्यासाठी चुना टाकण्याचा सल्ला आपल्याला हमखास मिळेल. चुन्याने गादी अल्कधर्मी होते आणि तिच्यातला अमोनिया उलट अधिक सुटतो. शिवाय त्याची भुकटी स्वतःच डोळ्यांना आणि श्वासमार्गाला झोंबते. धूळ कमी करायला निघालेल्या माणसाने तो टाळलेलाच बरा.

आता धुळीच्या पलीकडचे. शिंका फक्त खुराड्यात येत असतील आणि मोकळ्यावर थांबत असतील, तर धुळीचा संशय योग्य आहे. परंतु डोळ्याच्या कोपऱ्यात फेस, नाकातून चिकट स्राव, डोळ्याखाली सूज, चोच उघडून श्वास घेणे, किंवा रात्री शांत असताना कान लावल्यावर ऐकू येणारी ओलसर घरघर यांपैकी एकही लक्षण दिसले, तर गादी बदलत बसू नये. मायकोप्लाझ्मा या श्वसनमार्गाच्या जिवाणूसारखा संसर्ग असू शकतो, आणि तो पक्षी तपासूनच ठरवावा लागतो.

आपल्या खोकल्याकडेही दुर्लक्ष करू नये. पक्ष्यांच्या पिसांतील आणि विष्ठेतील प्रथिनांमुळे काही माणसांच्या फुप्फुसांना अ‍ॅलर्जीची सूज येते, आणि संपर्क चालू राहिला तर ती कायमची हानी करू शकते. गादी काढताना आधी पाण्याचा हलका फवारा मारावा आणि एन९५ प्रकारचा मास्क नीट बसवून लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही. मास्क लावूनही खोकला राहिला, तर डॉक्टरांना कोंबड्या पाळत असल्याचे आवर्जून सांगावे.

प्रश्नकर्तीकडून, पाच आठवड्यांनंतर

सर्वांचे मनापासून आभार. काय केले आणि काय झाले ते सांगणे कर्तव्य आहे, म्हणून लिहिते.

मूठ दाबून पाहिली, तेव्हा भुसा खरोखरच बोटांतून गळून गेला. काळ्या कापडाची चाचणी चार प्रकारांवर केली. माझ्या जुन्या भुशाने कापड इतके पांढरे झाले, की त्यावर बोटाने अक्षर काढता आले. तुसाचा ढग लहान होता, पण कापडावर पिवळसर पीठ राहिले. गोळ्यांनी काहीच ठेवले नाही. मग पहिल्या उत्तरातला मुद्दा पटतो का हे पाहण्यासाठी मी दोन मुठी गोळ्या भिजवून पसरल्या, चार दिवस वाळू दिल्या आणि पुन्हा ओतल्या, तर निकाल जुन्या भुशासारखाच आला. एका सुतारांकडून रंध्याखालचे पापुद्रे वेगळे भरून आणले आणि तेही जाळीवर चाळून घेतले. एका गोणीतून सुमारे अर्धी बादली बारीक चुरा निघाला.

आता दहा सेंटिमीटर पापुद्र्यांची गादी आहे, दांडीखाली फळी आहे आणि खराटा अंगणापुरता उरला आहे. दोन दिवसांआड दाताळ्याने गादी हलवते. तिसऱ्या आठवड्यात मूठ पहिल्यांदा क्षणभर धरून सुटली. पाण्यावरची साय जवळजवळ गेली, पण पूर्णपणे नाही, आणि तिचे कारण मला चुकूनच सापडले: खाद्याचे भांडे दाराशेजारी होते आणि त्यातल्या भरड खाद्याचे पीठ प्रत्येक झुळकेसरशी उडत असे. आता गोळी खाद्य सुरू केले आहे. कोंबड्या ज्या कोरड्या मातीत लोळतात ती धूळस्नानाची पेटीही आतून काढून बाहेरच्या पत्र्याखाली ठेवली. ती आत ठेवण्याची कल्पना माझीच होती, हे कबूल करते.

शिंकणाऱ्या दोघींपैकी एकीच्या शिंका थांबल्या. दुसरी अजून अधूनमधून शिंकते. तिच्या डोळ्यांत फेस नाही आणि रात्री घरघरही ऐकू येत नाही, तरीही या आठवड्यात तिला दाखवून आणणार आहे.

पहिल्या उत्तराच्या लेखकाकडून

दाखवून आणाच. दरम्यान एक गोष्ट पाहावी. जळमटे काढली नसतील, तर ती कोणत्या कोपऱ्यात सर्वांत जाड आहेत ते पाहून ठेवा, कारण हवा जिथे फिरत नाही तिथेच धूळ त्यांच्यावर बसते. शिंकणारी कोंबडी रात्री दांडीवर कुठे बसते? कोंबड्या आपली जागा सहसा बदलत नाहीत. हवा निघून जाण्याच्या फटी दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असाव्यात, म्हणजे झोत अंगावर न येता धूळ आणि दमट हवा वरून बाहेर पडते.

प्रश्नकर्तीकडून

आत्ताच विजेरी घेऊन पाहून आले. ती अगदी डावीकडच्या टोकाला, भिंतीला चिकटून बसते, आणि सर्वांत जाड जळमट तिच्या डोक्यावर वीतभर अंतरावर लोंबते आहे. त्या भिंतीला वर एकही फट नाही. उद्या तिथली वरची फळी काढून जाळी ठोकून घेते.